कपाटातले जुने कॅटलॉग बाहेर काढा : मॉडेल रेल्वेच्या संग्राहकांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र मॉडेल रेल्वेचे, म्हणजे छोट्या मापाच्या खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे, जुने कॅटलॉग ज्यांच्याकडे आहेत त्या सगळ्यांना आहे. मग तुम्ही ते मुद्दाम शोधून, पैसे मोजून जमवलेले असोत, नाहीतर मर्चंट नेव्हीतल्या काकांनी हॅम्बुर्गहून किंवा लिव्हरपूलहून आणलेल्या एका ट्रंकेत ते तुम्हाला आयते मिळालेले असोत. पुण्यात असाल, ठाण्यात असाल, नाशिकला असाल, किंवा माझ्यासारखे नोकरीच्या निमित्ताने श्टुटगार्टला येऊन इथल्या जुन्या बाजारात दर शनिवारी खोके उपसत असाल, विनंती सगळ्यांना एकच. ते कॅटलॉग स्कॅन करा, अख्खे करा, आणि सगळ्यांना फुकट बघता येतील असे नेटवर ठेवा.

का, ते जरा सविस्तर सांगतो.

गाड्या टिकतात. ब्रिटनच्या हॉर्नबीने १९२० मध्ये चावीच्या ओ गेज (म्हणजे मोठ्या मापाच्या) गाड्या काढल्या त्या आजही चालू अवस्थेत मिळतात, जर्मनीच्या मेर्कलिनची तर त्याहून जुनी इंजिनं लिलावात येतात, कारण ती पत्र्याची आहेत, जड आहेत, आणि कुणालाही हातात घेतल्यावर कळतं की ही वस्तू टाकायची नाही. कॅटलॉगचं तसं नाही. तो दुकानात फुकट नाहीतर अगदी किरकोळ पैशात मिळायचा, पुढच्या वर्षी नवा आला की जुन्याची रद्दी व्हायची, आणि मुलं तर त्यातली चित्रं कापून वहीत चिकटवायची. त्यामुळे होतं काय की एखाद्या वर्षीची गाडी शेकड्याने शिल्लक आणि त्या वर्षी ती कुठल्या सेटमध्ये, कुठल्या डब्यांबरोबर, कितीला विकत होते हे सांगणारा कागद मात्र मोजक्या लोकांकडे. बरं कंपन्यांकडे सगळं जपून ठेवलेलं असेल असं समजू नका. न्युरेमबर्गची बिंग, जी एकेकाळी जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळणी कंपन्यांत गणली जायची आणि नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या ब्रिटिश कंपनीसाठीसुद्धा गाड्या बनवायची, ती तीसच्या दशकाच्या सुरुवातीलाच बुडाली. हॉर्नबीचं म्हणाल तर त्या गाड्या बनवणारी लिव्हरपूलची मेकॅनो कंपनी १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्स या खेळणी कंपनीकडे गेली, त्यांनी आपल्या ट्राय-अँग या मॉडेल रेल्वेशी तिचं लग्न लावलं, १९७१ मध्ये लाइन्स ब्रदर्सच कोसळली, आणि मेकॅनोचा लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा तो मूळ कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. इतक्या वेळा बिऱ्हाड हललं की कागद हरवतातच.

आता तुम्ही म्हणाल, संग्राहकांसाठीची पुस्तकं आहेत की, त्यात सगळ्या गाड्यांच्या याद्या आहेत. आहेत, आणि चांगली आहेत, माझ्याकडेही आहेत. पण त्या याद्या बनल्या कशावरून? कॅटलॉगवरूनच ना. आणि कॅटलॉगमध्ये जे छापलंय ते सगळं बाजारात आलंच असंही नाही, ही यातली सगळ्यात मजेची आणि सगळ्यात घोळाची गोष्ट. हॉर्नबी डब्लो, म्हणजे हॉर्नबीच्या आणखी छोट्या मापाच्या गाड्या, १९३८ मध्ये सुरू झाली, सर नायजेल ग्रेस्ली हे ए-फोर वर्गाचं इंजिन आणि एक छोटं टँक इंजिन, दोन्ही विजेवर पण आणि चावीवर पण. लगेच पुढच्या वर्षी डचेस ऑफ अथॉल हे इंजिन जाहीर झालं. चित्र छापलं, वर्णन छापलं, आणि तेवढ्यात युद्ध सुरू झालं. ते इंजिन लोकांच्या हातात पडलं युद्ध संपल्यावर. म्हणजे कुणी नुसता युद्धाआधीचा कॅटलॉग बघून "हे माझं डचेस १९३९ चं" म्हणाला तर तो चूक, आणि हे सिद्ध करायला लागतात एका पाठोपाठ एक वर्षांचे कॅटलॉग, एखादा सुटा नव्हे. म्हणून तुमच्याकडे अगदी एकच, फाटका, कव्हर नसलेला कॅटलॉग असला तरी तो मोलाचा आहे, कारण मधल्या साखळीतला नेमका तोच दुवा गायब असू शकतो.

यावरूनच एक कळकळीची विनंती, ती सगळ्यात आधी करतो कारण याचं नुकसान भरून निघत नाही. कॅटलॉग साफ करू नका. म्हणजे धूळ झटका, पण स्कॅन केल्यावर फोटोशॉपमध्ये बसून पेन्सिलीच्या खुणा, दुकानदाराचा शिक्का, कुणीतरी मारलेली फुली, हे पुसून पान नव्यासारखं चकाचक करू नका. दुकानदार पेन्सिलीने एखादा आयटम खोडून ठेवायचा कारण तो माल आलाच नव्हता, बाजूला नवीन किंमत लिहायचा कारण मधेच भाव वाढला होता. कंपनी काय म्हणत होती ते छापलेल्या शाईत आहे, दुकानात खरंच काय होतं ते त्या पेन्सिलीत आहे. शिक्क्यावरून कळतं की हा कॅटलॉग कुठल्या गावात, कुठल्या दुकानात पोचला होता. एखाद्या पोराने पाच डब्यांपुढे बरोबरची खूण केलीय आणि इंजिनापुढे प्रश्नचिन्ह, तेही राहू द्या. मी बघितलेल्या कितीतरी स्कॅनमध्ये हे सगळं इतक्या मेहनतीने पुसलेलं असतं की वाईट वाटतं, कारण मेहनत करणाऱ्याला खरंच कॅटलॉगवर प्रेम असतं.

दुसरं, किंमतीचा कागद. हा बहुतेक वेळा कॅटलॉगमध्ये छापलेला नसायचा, वेगळा सुटा कागद आत सारलेला असायचा, म्हणजे किंमती बदलल्या की फक्त तेवढा कागद बदलायचा आणि रंगीत कॅटलॉग तोच चालवायचा. व्यापाऱ्याच्या दृष्टीने एकदम सोयीचं, पण आपल्या दृष्टीने संकट, कारण पहिला हरवतो तो हाच. आणि खरी माहिती बऱ्याचदा यातच असते. ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ ला शिलिंग-पेन्स जाऊन दशमान पद्धत आली, त्याच्या आगेमागे किंमती दोन्ही पद्धतीने लिहिल्या जायच्या. १९७३ च्या एप्रिलमध्ये परचेस टॅक्स हा जुना विक्रीवरचा कर जाऊन व्हॅट आला, की परत नवा कागद. म्हणजे कॅटलॉगवर वर्ष नसलं तरी किंमतीच्या कागदावरून तुम्ही तो कधीचा ते बरंच नेमकं सांगू शकता. आणि किंमती नुसत्या वाचायलासुद्धा काय भारी वाटतं. हॉर्नबीचं ओ गेजमधलं मोठं प्रिन्सेस एलिझाबेथ इंजिन १९३७ मध्ये पेटीसकट पाच गिनीला होतं, म्हणजे पाच पौंड पाच शिलिंग, तेव्हाच्या कारखान्यातल्या कामगाराचा आठवड्याचा पगार त्यापेक्षा कमी असायचा. हे वाचल्यावर कळतं की ही खेळणी कुणाच्या घरात जात होती आणि कोण नुसता कॅटलॉग घेऊन घरी जात होता.

मेर्कलिनवाल्यांना एक वेगळी गोष्ट सांगायचीय. मेर्कलिनचं गाव ग्योपिंगन माझ्यापासून लोकल ट्रेनने जवळच, त्यामुळे इकडच्या जुन्या बाजारात त्यांचे जर्मन कॅटलॉग खूप दिसतात आणि लोकांना वाटतं की हे काय सगळीकडे मिळतात, स्कॅन कशाला करायचे. पण तोच कॅटलॉग फ्रेंचमध्ये, इंग्रजीत, डचमध्ये असा वेगवेगळा निघायचा, आणि त्यात नुसती भाषा बदलायची असं नाही, किंमत वेगळ्या चलनात, कधी कव्हर वेगळं, कधी एखादं इंजिन एका देशाच्या आवृत्तीत आहे आणि दुसऱ्यात नाही. म्हणून "हे तर नेटवर आहे" असं म्हणण्याआधी भाषा आणि देश तपासा. आणि मेर्कलिनचे पन्नासच्या दशकातले कॅटलॉग ओळीने लावून बघितले तर एक फार सुंदर गोष्ट दिसते, रुळांच्या मधली ती वीज पुरवणारी अखंड तिसरी पट्टी जाते आणि तिच्या जागी बारीक बारीक टिकल्या येतात, म्हणजे रूळ खऱ्यासारखे दिसावेत म्हणून कंपनीने केलेली सगळी धडपड तुमच्या डोळ्यासमोर वर्षावर्षाने उलगडते. पुस्तकात ती एका वाक्यात संपते.

आता आपल्याकडचं बोलतो, कारण मराठी लोकांना यात काय एवढं असं कुणी म्हणेल. स्वातंत्र्यानंतर परदेशी खेळण्यांच्या आयातीवर इतकी बंधनं होती की गाड्या सहज मिळायच्याच नाहीत, कुणी परदेशातून आणल्या तर आणल्या. कॅटलॉग मात्र यायचे, पत्र पाठवून मागवता यायचे, कुणाच्या सामानातून यायचे, आणि इथल्या कितीतरी पोरांनी प्रत्यक्ष गाडी हातात न घेता नुसत्या कॅटलॉगवर हा छंद जगवला. पुण्यात कोथरूडला कै. भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं म्युझियम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, १९९८ पासून ते लोकांना बघायला खुलं आहे, आणि सिग्नल, गाड्या, रस्ते सगळं चालू असलेलं ते शहर बघून बाहेर आलेला प्रत्येक पोरगा घरी जाऊन विचारतो की हे कुठे मिळतं. त्या प्रश्नाचं उत्तर एकेकाळी फक्त कॅटलॉगमध्ये असायचं.

आणि आजही आहे, जरा वेगळ्या अर्थाने. भारतीय रेल्वेची मॉडेलं बनवणाऱ्या लोकांना विचारा. आपल्या ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर, म्हणजे एचओ या मापात, १:८७ ला, ते साधारण १९.३ मिलिमीटर होतं आणि बाजारात मिळणारे रूळ १६.५ चे. बहुतेक जण ती तडजोड मान्य करतात आणि कुठल्यातरी परदेशी इंजिनाची चासी, म्हणजे चाकांसकट खालचा सांगाडा, घेऊन त्यावर आपल्या इंजिनाची बॉडी बसवतात. कुठली चासी बसेल हे कळायला लागते बफर ते बफर लांबी, म्हणजे इंजिनाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी, आणि जर्मन-ऑस्ट्रियन कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये, फ्लाइशमन म्हणा, रोको म्हणा, प्रत्येक इंजिनाच्या खाली ती मिलिमीटरमध्ये छापलेली असते. जुनं, सेकंडहँड, स्वस्तात मिळणारं इंजिन घ्यायचं तर माहितीही जुन्याच कॅटलॉगमध्ये सापडणार. एखाद्याला आपला खेकडा बनवायचाय, म्हणजे जी.आय.पी. रेल्वेने (मुंबईहून निघणारी जुनी रेल्वे कंपनी) १९२८ पासून घाटासाठी आणलेलं ते डब्ल्यूसीजी-१ इंजिन, ज्याची पहिली काही स्वित्झर्लंडला विंटरथूरमध्ये बनली आणि ज्यातलं एक आज वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये उभं आहे. तो 'स्विस मगर' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या लांब नाकाच्या स्विस विजेच्या इंजिनांच्या घराण्यातलाच. मेर्कलिनने एचओमध्ये १९४७ पासून स्विस मगर काढली, सीसीएस ८०० या नंबरने, पुढे तिचा नंबर बदलून ३०१५ झाला, आणि तिच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या की कुठली कधीची हे कॅटलॉगशिवाय कळणं अवघड. ठाण्यातल्या कुणीतरी खेकडा बनवायला घेतला आणि त्याला लागणारं पान माझ्याच कपाटात पडून असलं तर मला ते चालणार नाही.

आता अडचणींकडे येतो, कारण मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्याकडून तीनच गोष्टी परत परत ऐकल्या.

एक, "स्कॅन फुकट टाकले तर माझ्या मूळ कॅटलॉगची किंमत पडेल." नाही पडत हो. ज्याला कागद हवाय त्याला कागदच हवाय, आणि ज्याला माहिती हवीय तो तुमचा कॅटलॉग कधीच विकत घेणार नव्हता. उलट ज्या कॅटलॉगबद्दल लोकांना माहीत असतं त्यालाच गिऱ्हाईक येतं. आणि काही जण कमी रिझोल्यूशनची पानं टाकून त्यावर आडवं मोठ्ठं स्वतःचं नाव छापतात, नेमकं इंजिनाच्या नंबरवर. तुमचं नाव जरूर राहू दे, पण ते फाइलच्या माहितीत लिहा, शेवटी एक वेगळं पान जोडून त्यावर लिहा, पानाच्या पोटात नको.

दोन, "कॉपीराइटचं काय?" रास्त प्रश्न आहे आणि याला घाबरून बसण्यापेक्षा नीट बघितलेलं बरं. ब्रिटनमध्ये ज्या छापील कामाचा कर्ता कोण ते माहीत नाही त्याचा हक्क प्रकाशनाच्या वर्षानंतर ७० वर्षांनी संपतो, त्यामुळे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचे निनावी कॅटलॉग आता मोकळे झालेत, आणि दर १ जानेवारीला आणखी एक वर्ष मोकळं होतं. चित्रावर चित्रकाराची सही असेल तर मात्र त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं धरावी लागतात, म्हणून कव्हर नीट बघा. अमेरिकेत किमान १९२९ पर्यंत छापलेलं सगळं मोकळं आहे, म्हणजे लायोनेल या अमेरिकन कंपनीचे सुरुवातीचे ते देखणे कॅटलॉगसुद्धा. त्यानंतरच्यांसाठी कंपनीला सरळ पत्र लिहा, की आम्हाला हे विकायचं नाहीये, जपायचंय, परवानगी द्या. आणि परवानगी येईपर्यंत स्कॅन करून तयार ठेवायला तर काहीच हरकत नाही, कागद पिवळा पडायचा थांबत नाहीये. आणि या कंपन्यांचं कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही सांगतो, चाळीस वर्षांपूर्वीच्या तुमच्या कॅटलॉगमधून आज तुम्हाला एक पैसा मिळत नाही, पण तो वाचून लोक तुमच्याच गाड्यांकडे परत येतात, तेव्हा एक साधी लेखी परवानगी देऊन टाका.

तीन, "मला ते टेक्निकल जमत नाही." जमतं. स्कॅनची बारकाई ३०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके) किमान, जमल्यास ६००, कारण जुन्या छपाईत रंग बारीक ठिपक्यांनी बनलेले असतात आणि कमी रिझोल्यूशनला त्या ठिपक्यांची विचित्र नक्षी उमटते. स्कॅनरमधलं आपोआप रंग सुधारणारं बटण बंद करा. कागद पातळ असेल तर पानाच्या मागे काळा कागद ठेवा, म्हणजे मागची छपाई आरपार दिसत नाही, एवढ्याशा युक्तीने फार फरक पडतो. मधल्या पिना गंजलेल्या असतील तर ओढून काढू नका, पान फाटतं, त्यापेक्षा कॅटलॉग अर्धवट उघडून खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात मोबाइलने वरून फोटो काढा, फ्लॅश न वापरता, तेही पुष्कळ झालं. कव्हरची आतली बाजू, कोरी पानं, मागची जाहिरात, ऑर्डरचा फॉर्म, सुटे कागद, सगळं घ्या, आणि कोरं पानसुद्धा घ्या म्हणजे पुढच्याला कळतं की इथे काही हरवलेलं नाही. फाइलच्या नावात कंपनी, वर्ष, भाषा, देश. वर्षाबद्दल खात्री नसेल तर अंदाजे असं स्पष्ट लिहा आणि अंदाज कशावरून बांधला तेही लिहा, म्हणजे दुसरा कुणीतरी तो तपासू शकेल.

आणि एकाच ठिकाणी ठेवू नका. हे मी जरा जोर देऊन सांगतोय कारण आपल्या छंदाने याची किंमत आधीच मोजलीय. याहू ग्रुप्स या गटांच्या साइटवर कितीतरी मॉडेल रेल्वेच्या मंडळींनी वर्षानुवर्षं फाइली जमवल्या होत्या, २०१९ च्या डिसेंबरमध्ये ते सगळं पुसलं गेलं आणि ज्यांनी उतरवून घेतलं त्यांचं वाचलं. त्याआधी २०१७ मध्ये फोटोबकेट या फोटो ठेवायच्या साइटने नियम बदलले आणि लोकांनी प्रेमाने चढवलेली चित्रं एका रात्रीत राखाडी चौकोन झाली. इंटरनेट आर्काइव्ह ही मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहाची साइट मला आजच्या घडीला सगळ्यात चांगली जागा वाटते, पण त्यांच्यावरसुद्धा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये हल्ला झाला आणि साइट काही दिवस बंद होती. तेव्हा तिथे ठेवा, घरी हार्ड डिस्कवर ठेवा, आणि दुसऱ्या गावातल्या एखाद्या छंदवाल्या मित्राला एक कॉपी द्या. फेसबुकवर नुसती चार पानं टाकून तो कॅटलॉग जपला असं समजू नका, तिथे सहा महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाच ते सापडणार नाही.

ज्यांना वडिलांचा किंवा आजोबांचा संग्रह आयता मिळालाय त्यांच्याशीही दोन शब्द. तुम्हाला यात रस असायलाच पाहिजे असं नाही. गाड्या विकायच्या असतील तर खुशाल विका, पण खोक्याच्या तळाचे कागद रद्दीवाल्याला देण्याआधी कुणातरी मॉडेल रेल्वेवाल्याला दाखवा. बहुतेक वेळा इंजिन खरेदी करणारा डीलर कागद बाजूला सारतो, आणि तेच आम्हाला हवे असतात. आणि संग्राहकांनो, तुम्ही पण घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवा, खोक्यावर ठळक अक्षरात लिहून ठेवा की आत काय आहे आणि कुणाला फोन करायचा.

सुरुवात कुठून करायची असा प्रश्न असेल तर माझ्या मते क्रम असा ठेवा. आधी सुटे किंमतीचे कागद आणि दुकानदारांना पाठवलेली पत्रकं, कारण ती सगळ्यात दुर्मिळ. मग भारतात आलेले कॅटलॉग, ज्यांच्यावर मुंबई, पुणे, कलकत्ता, मद्रास असा इथल्या दुकानाचा शिक्का आहे, कारण आपल्या देशात हा छंद कसा पोचला याचा तो पुरावा आहे आणि तो परदेशातल्या कुठल्याच संग्राहकाकडे मिळणार नाही. मग साठच्या दशकातले ट्राय-अँग, हॉर्नबी डब्लो आणि दोघांच्या विलीनीकरणाच्या वेळची पत्रकं. रंगीत, जाड, सगळ्यांकडे असणारे ऐंशीनंतरचे कॅटलॉग सगळ्यात शेवटी केले तरी चालतील. मी माझ्याकडचे मेर्कलिन आणि फ्लाइशमन करायला घेतलेत, जर्मन आवृत्त्या माझ्याकडून होतील. इंग्रजी आवृत्त्या आणि भारतीय शिक्क्यांचे तुमच्यापैकी कुणी घेतले तर काम डबल होणार नाही, फक्त सुरू करण्याआधी कुठली वर्षं करताय ते सगळ्यांना कळवा.

आपला,
श्टुटगार्टहून एक मूळचा पुणेकर कॅटलॉगवाला